करंड्यातलं मेण

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी दातांना तार लावून घ्यायची, हा निर्णय मी साकोलीच्या बसस्टँडसमोर, चहाच्या टपरीवर, उभ्या उभ्या घेतला. (माझे सगळे मोठे निर्णय असेच उभ्याने झालेले आहेत. बसून विचार केला असता तर एकही घेतला नसता.)

निमित्त यादोरावांचं. यादोराव म्हणजे सानगडीच्या मंडईतल्या नाटकाचे डायरेक्टर. आमच्या भागात भाऊबीज झाली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. त्या नाटकात वर्षानुवर्षं मी व्हिलन. का, तर माझे वरचे दात पुढे! मी हात जोडून स्टेजवर आलो तरी बायका पोरांना पदराखाली घ्यायच्या. ऑफिसात मी साधा क्लार्क, शिपायालासुद्धा अहो-जाहो करणारा. पण सानगडीची एक म्हातारी मला बाजारात पाहिलं की रस्ता बदलायची.

तर यादोराव बशीतला चहा फुंकत म्हणाले, "टिकाराम, तुहा आवाज हिरोचा हाये गा. दातच आडवे येऊन राहिले. दात अंदर असते तर यंदा तुलेच हिरो केलो असतो."

"आणि घेतले आत तर?"

"तर हिरो. जबान देतो."

दुसऱ्याच दिवशी मी नागपूर गाठलं. डॉक्टरांना माझे दात पाहून फार आनंद झाला. (असा आनंद माझ्या सासऱ्यांनासुद्धा झाला नव्हता.) दुपारपर्यंत त्यांनी माझ्या तोंडात तारेचं कुंपण घालून दिलं. उठता उठता मी विचारलं, "मंडईपर्यंत जातील ना आत?"

"कोणती मंडई?"

"ही काय, दिवाळीनंतरची."

"दीड वर्ष लागेल," डॉक्टर हसत म्हणाले.

हे आधी सांगायला काय झालं होतं? तर म्हणे, तुम्ही विचारलं नाही! मी संतापून विचारलं, "दुखेल का?" ते म्हणाले, "थोडंसं टोचेल." आणि माझ्या हातावर मेणाचा एक तुकडा ठेवला. तार जिथे गालाला टोचेल तिथे चिमूटभर मेण चिकटवायचं.

थोडंसं! त्या डॉक्टरांना एक रात्र माझ्या डाव्या गालात नेऊन झोपवायला हवं होतं. मेण तर पहिल्याच संध्याकाळी संपलं. मी अख्खा तुकडा एकदम लावला आणि वर कढत चहा प्यायलो. मेण वितळून पोटात गेलं, आणि तार राहिली जागच्या जागी.

त्यात दिवाळी. घरभर चकल्यांचा वास, आणि माझ्यापुढे भाताची पेज! शेजारच्या शकुनबाई समाचाराला आल्या, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगून गेल्या, आणि जाताना माझ्या वाटणीच्या चकल्या घेऊन गेल्या. "याईले आता कायच्या कामाच्या?" म्हणाल्या. मी गुळण्या केल्या, लवंग धरली, बर्फ धरला. तारेला काही माझी दया आली नाही.

यादोरावांनी मात्र जबान पाळली. "अर्धं तोंड मिटून प्रेम कर. लोकाईले समजते," म्हणाले, आणि रविवारी तालमीला बोलावलं. वडशाहून हिरॉईन येणार होती.

रविवारी सकाळी तार अशी काही टोचायला लागली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चंद्रकांता, म्हणजे माझी बायको, भाजी आणायला गेलेली. माझी नजर तिच्या करंड्यावर गेली. त्या काळी बायका कपाळावर आधी मेणाचं बोट टेकवायच्या आणि त्यावर कुंकू दाबायच्या. म्हणजे घरात डबीभर मेण असताना मी मूर्खासारखा लवंगा चघळत बसलो होतो! मी ती डबी खरवडून सगळं मेण तारेला लावलं. रोज कुंकवाचं बोट लागून ते लाल झालं होतं खरं, पण गालाला रंगाशी काय करायचं? टोचणं बंद. दिवाळीपासून पहिल्यांदाच मी हसलो आणि बस पकडायला धावलो.

बसमध्ये कंडक्टर माझ्याकडे रोखून पाहत म्हणाला, "भाऊ, गाडीत थुकू नोका."

"मी तंबाखूचा खर्रा खात नाही," मी ताठ्यात म्हणालो.

"सारे असंच म्हणतात," म्हणाला आणि माझ्या बाजूची खिडकी लावून घेतली. एका सरकारी नोकराचा हा अपमान!

सानगडीच्या शाळेत मंडई कमिटी ओळीने बसली होती. पेटीवाले श्यामराव सूर धरून होते. हिरॉईन मंदाबाई समोर उभ्या. मी त्यांचा हात हातात घेतला आणि अर्धं तोंड मिटून वगैरे काही नाही, पूर्ण छातीने म्हणालो, "सुलोचने, तुझ्यासाठी मी रक्ताचा शेवटचा थेंब सांडीन!"

आणि लाल थेंब टपकन त्यांच्या मनगटावर पडला.

"अगं माय! रक्त!" मंदाबाई किंचाळल्या. "याईले टीबी हाये! मले लहान लेकरं हायेत, मी नाई करत याईच्यासंगं काम!"

"टीबी नाही हो, कुंकू आहे!" मी ओरडलो.

यादोरावांनी हळूच विचारलं, "तोंडात कुंकू? काहून गा?"

"माझ्या बायकोचं आहे."

श्यामराव पेटी सोडून भिंतीला टेकले. "करणी हाये हो," ते म्हणाले. "घरच्याईनंच केली."

"कसली करणी? तारेला लावलं!"

"कोनत्या तारेले?"

"ह्या!" म्हणून मी आ करून सगळ्यांना दाखवलं. मंदाबाई दारातून पळाल्या आणि त्यांच्यामागे अर्धी कमिटी. यादोराव तेवढे जागचे हलले नाहीत. त्यांचे डोळे चमकत होते.

"टिकाराम, मिटू नोको! तोंड असंच ठेव! असा व्हिलन अख्ख्या झाडीपट्टीत नाई!"

हिरो केलं भैय्यालाल किराणावाल्याला. त्याचं पोट त्याच्या आधी स्टेजवर येतं. म्हणजे पोट पुढे आलेलं चालतं, दात पुढे आलेले चालत नाहीत. हा कुठला न्याय?

घरी पोचलो तर चंद्रकांता कोऱ्या कपाळाने दारात उभी. "अजी, माया डबीतलं मेण कोठी गेलं?"

मी आ करून दाखवलं. ती मटकन खालीच बसली.

"अगं, कुंकू माझ्याच नावाचं ना?" मी चिडून म्हणालो. "मग माझ्याच तोंडात गेलं तर बिघडलं काय?"

"तुमच्या नावाचं हाये, तुमाले खावाले नाई!" ती ओरडली, आणि दोन दिवस मला पेजसुद्धा मिळाली नाही.

त्या मंडईत तारेच्या दातांचा व्हिलन तुफान चालला. पुढच्याही. मग दीड वर्ष सरलं, तार निघाली आणि दात सरळ रेषेत आले. मी मोठ्या ऐटीत यादोरावांपुढे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, आता द्या हिरो. त्यांनी माझं तोंड उन्हाकडे वळवून बराच वेळ पाहिलं आणि सुस्कारा टाकला.

"टिकाराम, आता तू हिरो नाई दिसत, अन् व्हिलनबी नाई दिसत. क्लार्क दिसते गा."

व्हिलन मंगरूला दिला. त्याचे दात जन्मापासून पुढे. मला प्रॉम्प्टर केलं, पडद्यामागे, अंधारात, जिथे दात आहेत की नाहीत हेही कुणाला कळत नाही!

मी तडक नागपूरला गेलो आणि डॉक्टरांना खडसावून विचारलं, "हे पूर्वीसारखे पुढे आणता येतील का?"

"येतील की," ते म्हणाले. "पुन्हा तार लावू. थोडंसं टोचेल."

घरी येऊन हे चंद्रकांताला सांगितलं. ती उठली, करंडा कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं.