स्लॅबची इर्जिक

वडूजमधली निम्मी कामं रखडतात ती लोकांना योग्य शब्द येत नाहीत म्हणून, असं दिग्विजयचं ठाम मत होतं! सांगलीहून प्रोजेक्ट शेड्युलिंगचा कोर्स करून आल्यापासून त्यानं घरादाराला शिकवणीच लावली होती. वडील दादासो 'काम' म्हणाले की तो 'टास्क' म्हणायला लावायचा. दादासो मुकाट ऐकायचे, कारण ते अडले होते. धाकट्या प्रांजलची सोयरीक वाईला जमली होती, साखरपुडा नव्या घरातच हवा असा पाहुण्यांचा हट्ट होता, आणि घराचा स्लॅब तर काल ओतलेला. पाणी मारत तो मुरवायला तीन आठवडे तरी लागणार होते.

दिग्विजयनं लॅपटॉप उघडला. त्यातल्या कामाच्या वेळापत्रकात दोन रकाने होते. 'ड्युरेशन' म्हणजे किती दिवस जाऊ द्यायचे, आणि 'वर्क' म्हणजे माणसांनी किती राबायचं. पठ्ठ्यानं मुरायचे दिवस बेधडक 'वर्क'मध्ये भरले आणि समोर माणसं वाढवत गेला. माणसं वाढतील तशी पडद्यावरची दिवस दाखवणारी पट्टी आखडायला लागली! भावकी घातली, तालमीतली पोरं घातली. तीन आठवडे एका सकाळीत बसले! दिग्विजय आनंदानं खुर्चीवरून उठला आणि वडलांकडं धावला.

"आबा, इर्जिक घाला. उद्या दुपारी स्लॅब तयार हाय."

"इर्जिक नांगरटीला घालत्यात रं. स्लॅबला कवा कुणी घातली न्हाई."

"म्हणून तर आपली कामं रखडत्यात."

इर्जिक म्हटल्यावर गाव कशाला मागं राहतंय? एकाच्या कामावर सगळ्यांनी सकाळभर फुकट राबायचं आणि मग पोटभर मटण! शिडीवर घागरींची रीघ लागली, स्लॅबचं तळं झालं, पंगती उठल्या. दिग्विजयनं पट्टीवर शंभर टक्के टाकले, वाईला फोन करून परवाचं आवतण दिलं आणि स्लॅबखालचे टेकू काढायला स्वतःच पहार उचलली. तेवढ्यात त्याची नजर वरच्या ओल्या स्लॅबकडं गेली अन् पहार हवेतच थांबली. पाणी अख्ख्या गावानं मारलं होतं, पण दिवस एकच सरला होता! पहार हळूच खाली ठेवून त्यानं रकाना दुरुस्त केला. पट्टी टुणकन पुढच्या महिन्यात गेली. पाहुणे मात्र आवतणाप्रमाणं परवाच आले.

साखरपुडा टेकूंच्या जंगलातच झाला. होणारे व्याही नाथाजीराव आडवे सरकत सरकत पाटापर्यंत पोचले. मुलानं अंगठी घातली ती टेकूला वळसा घालून. आता सोयरीक मोडते की काय, या धास्तीनं दादासो पेढ्यांचं ताट घेऊन टेकूंमधून घाईनं पुढं आले.

नाथाजीरावांनी पेढा खाल्ला, वर पाहिलं, मग दिग्विजयकडं पाहिलं.

"मुलगी आम्हाला पसंत आहे," ते म्हणाले. दादासोंच्या जिवात जीव आला. "लग्न मात्र वाईला करू. तारीखही आम्हीच काढतो. या चिरंजीवांना फक्त अक्षता वाटायला ठेवा."