आपल्या दाव्याची गाडी

गेल्या वर्षी वेळअमावस्येपासून नागपंचमीपर्यंत ज्याने ज्याने आमच्या बेंबळीत चारचाकी आणली, त्याला आधी हणमंततात्यांना तोंड द्यावं लागलं. मालक अजून काच खाली घेत असायचा, तेवढ्यात तात्या दाराशी उकिडवे बसलेले असायचे. एका हातात धोतराचा सोगा, दुसऱ्या हातात दोन गाठी मारलेली सुतळी. सुतळीचं एक टोक जमिनीला टेकवायचं, दुसरं सीटच्या कडेला लावायचं, एक डोळा मिटून बघायचं आणि उठता उठता निकाल द्यायचा, "देखणी हाय. पण आपल्या दाव्याची न्हाय."

या निकालावर अपील नसायचं. मग गाडी सरपंचांच्या मेहुण्याची असो, नाहीतर दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंची. एकदा लग्नाची सजवलेली गाडी पाराशी थांबली, तर तात्यांनी नवरदेवाला खाली उतरवून त्याच्या सीटचं माप घेतलं. नवरदेव फेटा सावरत मुकाट उभा राहिला. वऱ्हाडाला वाटलं, इथली काही रीत असेल.

मी इथल्या शाळेत शिकवतो आणि तात्यांच्या शेजारी भाड्याने राहतो. त्यामुळे हा माणूस मला रोज बघायला मिळतो, हे माझं भाग्यच म्हणायचं. तात्या मूळचे बैलांचे जाणकार. बाजारात बैल घ्यायचा तर लोक आधी तात्यांना घेऊन जायचे. दात बघून वय, खूर बघून चाल आणि डोळे बघून स्वभाव सांगायचे. आपल्या गोठ्यात, आपल्या दाव्याला बांधावा असा बैल दिसला, तरच त्याला 'आपल्या दाव्याचा' म्हणायचे. आता गावात बैल राहिलेत बोटावर मोजण्याइतके, बाकी ट्रॅक्टर. पण डोळ्यांची सवय कुठं जाते? तात्या चारचाकीकडेही बैलासारखंच बघतात. बॉनेट उघडायला लावतात आणि म्हणतात, "दात बघू." टायरवर थाप मारतात. मागे जाऊन पाठीवरून हात फिरवतात. गाडीची पाठ म्हणजे नेमकी कुठली, हे त्यांना बरोबर ठाऊक असतं.

यात हसण्यासारखं काही नाही, हे मला स्वतःच्या गाडीवरून कळलं. माझी जुनी, बुटकी मोटार आहे. एका संध्याकाळी मी शाळेतून आलो, तर तात्या घरात भाकरी खात बसले होते. आतूनच ओरडले, "गुरुजी, तुमची गाडी मागच्या डाव्या पायानं दुखायलीय!" मी हसून सोडून दिलं. आठवड्याने धाराशिवच्या मेकॅनिकने मागचं डावं चाक खोललं आणि झिजलेलं बेअरिंग माझ्या हातावर ठेवलं. तेव्हापासून मी तात्यांपुढे गाडीविषयी बोलत नाही, फक्त ऐकतो.

आता सुतळीकडे येतो. तिची सुरुवात वेळअमावस्येला झाली.

त्या दिवशी आमच्याकडे गावात माणूस राहत नाही. सगळे शेतात. पूजा, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. तात्यांचा पुतण्या संतोष पुण्यात बांधकामाच्या धंद्यात मोठा झालेला, तो खास या दिवसासाठी आला आणि येताना त्याची ती गाडी घेऊन आला. गाडी म्हणजे काय सांगू! आमची गल्ली तिला पुरेना. काळीशार, छपराला काच, दोन सीटांच्या मध्ये फ्रीज, सीटला ऊब. पारावरचे सगळे एका दमात तिच्याभोवती.

संतोष म्हणाला, "तात्या, ही वढ्यात घातली की पाणी किती खोल हाय ते सोता सांगती."

"आमचा ढवळ्या बी सांगायचा," तात्या म्हणाले. "पायच टाकायचा न्हाय."

पण तात्या खोटं बोलणारे नाहीत. काळ्या रानात गुडघाभर चाकोऱ्या होत्या, त्यातून ती गाडी बैलगाडीच्याही ऐटीत निघाली, ओढा ओलांडून बांधापाशी उभी राहिली. तेव्हा तात्यांनी तिच्या बॉनेटवर दोनदा थाप मारली. "जनावर एक नंबर हाय," म्हणाले. तात्यांच्या तोंडून एवढं कौतुक मी फक्त मेलेल्या ढवळ्या बैलाचं ऐकलं होतं.

घोळ झाला तो त्याआधी, घरापाशी. तात्यांच्या बायकोचे, कौसाकाकूंचे गुडघे गेलेत. पलंगावरून त्या आपल्या आपण उठतात, अंगणात फिरतात, भाकरी थापतात. पण एसटीची पायरी चढवत नाही, जीप तर लांबच. त्यांचं माहेर सास्तूर. पंचमीला सास्तूरला जायचं, लिंबाला बांधलेल्या झोक्यावर बसायचं, हा त्यांचा लग्नापासूनचा नेम. तो तीन वर्षं मोडला होता. का? तर कुणीतरी उचलून चढवावं लागणार म्हणून. काकूंना ते चालत नाही. "म्या काय पोतं हाय का, उचलून टाकायला?" एवढं म्हणून त्या विषय बंद करायच्या.

संतोषने बटण दाबलं आणि ती प्रचंड गाडी फुस्स करत खाली बसली. काकूंसाठी. गल्लीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. तात्यांचं तोंड तर उघडंच राहिलं. "आरं, बसती बी!" काकूही हुरूप येऊन पुढे झाल्या. दाराला धरलं, एक पाय उचलला, आणि तो अर्ध्यावर थांबला. वरही जाईना, खालीही येईना. सगळी गल्ली बघत होती. शेवटी संतोषने प्रेमाने, खरंच प्रेमाने, त्यांना दोन्ही काखांत धरून उचललं आणि सीटवर ठेवलं. काकू हसल्या. शेतात मात्र त्या खाली उतरल्याच नाहीत. आंबील त्यांना गाडीत नेऊन दिली. परत आल्यावर मला म्हणाल्या, "गुरुजी, आता म्या कुठं जायची न्हाय. बास झालं."

जाताना संतोष म्हणाला, "तात्या, मला नवी यायलीय. ही तुमालाच ठेवा." तात्या म्हणाले, "पंचमीपस्तोर सांगतो." गावाला वाटलं, तात्यांना वेड लागलं. चालून आलेली अशी गाडी आणि हा माणूस विचार करतो म्हणतोय! दुसऱ्या दिवशीपासून सुतळी सुरू झाली आणि गावाची खात्रीच पटली. सुतळी कशाची, यावर पारावर रोज चर्चा. गाडी जमिनीपासून किती उंच आहे ते बघतात, असं सर्वांनी ठरवून टाकलं. दोघातिघांनी तशाच सुतळ्या खिशात ठेवायलाही सुरुवात केली.

मला त्यांनी खरं सांगितलं ते महिन्याभराने. काकू आत झोपल्या होत्या. तात्यांनी सुतळी माझ्यापुढे ताणून धरली. "ही वरली गाठ म्हंजी तिच्या पलंगाची उंची. तिथनं ती आपली आपण उठती. ही खालली गाठ म्हंजी तिचा पाय जितका उचलतो तितका. त्याच्यावर गेलं की खेळ खलास." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "तिला सांगू नगा. बाजारातल्या जनावरावानी म्या तिची मापं काढायलो म्हणंल."

"आणि संतोषची गाडी?"

"बसली तरी ईतभर उंच. डोंगर चढणारं जनावर हाय ते, गुरुजी. त्येची चूक न्हाय. पर आपल्याला कुठं डोंगर चढायचाय? आपल्याला सास्तूरला जायचंय."

मग माझी मोटार घेऊन आम्ही दुकानं पालथी घातली. धाराशिव, लातूर, सोलापूर. माझी स्वतःची गाडी आधीच नापास झाली होती. तीत बसता यायचं, उठता यायचं नाही. प्रत्येक दुकानात टाय घातलेला विक्रेता आम्हाला इंजिन, एअरबॅग, छपराची खिडकी असं पाठ म्हणून दाखवायचा. तात्या मान डोलवत ऐकायचे. मग गाडीकडे पाठ करून, गुडघे ताठ ठेवून, दाराला धरून "आगाई गं" म्हणत सीटवर टेकायचे आणि दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. काकूंची हुबेहूब नक्कल. लातूरचा विक्रेता घाबरून पाणी घेऊन आला. सोलापूरच्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "आजोबांना प्रवास झेपेल ना?"

धाराशिवच्याच एका दुकानात कोपऱ्यात एक लहानशी गाडी उभी होती. ती मोठ्यांसारखीच छाती काढून उभी, पण अंगाने आटोपशीर. विक्रेता तिच्याकडे वळतसुद्धा नव्हता. तात्यांनी सुतळी लावली. वरची गाठ सीटच्या कडेला, खालची दाराच्या उंबऱ्याला. दोन्ही बरोबर. त्यांनी पुन्हा लावली. मग दुसऱ्या बाजूला जाऊन लावली. मला म्हणाले, "गुरुजी, तुमी बघा. माझं डोळं म्हातारं झालंत." मी बघितलं. गाठी जिथल्या तिथे होत्या. तात्यांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं आणि बॉनेट न उघडता, दात न बघता म्हणाले, "ही आपल्या दाव्याची."

विक्रेत्याला हुरूप आला. "आजोबा, थोडं वर गेलात तर हिच्यापेक्षा उंच मॉडेल आहे."

"उंच नगं," तात्या म्हणाले. "वर तर आमाला जायचंच न्हाय."

गावाने नाकं मुरडली. हत्ती सोडून शेळी आणली म्हणाले. संतोष फोनवर रुसला. तात्या त्याला एवढंच म्हणाले, "तुझी गाडी लई मोठी हाय बाबा. तिच्यात तुझी काकी बारकी दिसती." मग संतोष म्हणाला, "पंचमीला मीबी येतो सास्तूरला." आणि पुढे तो खरोखरच आला.

पंचमीच्या आठवडाभर आधी तात्या एक अख्खा दिवस गायब होते. सोयाबीनच्या फवारणीचं औषध आणायला गेलो होतो म्हणाले. आले तेव्हा हातात औषध नव्हतं आणि धोतरावर सिमेंटचे डाग होते. काकूंनी ते धोतर भिजत घातलं.

पंचमीला सकाळी काकू हिरवं लुगडं नेसून दारात आल्या. गाडी मी चालवणार होतो. गल्ली पुन्हा जमली होती. तात्या तर पार पलीकडे जाऊन टायरवर थापा मारत बसले. बघायची हिंमत नव्हती त्यांची. काकूंनी गाडीकडे पाठ केली, दाराला धरलं, टेकल्या आणि दोन्ही पाय आत घेतले. दार आपलं आपण ओढून घेतलं, तेही जरा जोरातच. मग काच खाली करून म्हणाल्या, "चला की! कुणाची वाट बघायलाव?"

सास्तूर म्हणजे त्र्याण्णवच्या भूकंपानंतर पुन्हा वसलेलं गाव, सरळ गल्ल्या, ओळीने घरं. काकूंचे भाऊ माणिकराव दारातच उभे होते. घराचं जोतं उंच, त्याला आधी दोन मोठ्या पायऱ्या असाव्यात. आता चार होत्या. मधेमधे घातलेल्या दोन नव्या, सिमेंट अजून फिकट. काकू गाडीतून उतरल्या, एकेक करत चारही चढल्या आणि उंबऱ्यात उभ्या राहून मागे वळल्या. तीन वर्षांनी माहेरच्या दारात. म्हणाल्या, "आवो, माझं गुडघं लई बरं झालंत की. डॉक्टरच्या गोळ्या लागू पडल्या."

"आक्का, आगं गोळ्या कशाच्या, दाजींनी..." माणिकराव बोलायला लागले. तात्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते तिथेच गप्प झाले.

"व्हय," तात्या म्हणाले. "गोळ्या गुणाच्या हायत."

दुपारी लिंबाखाली आलो, तर पोरांचा कालवा चाललेला. झोका बांधलेला, पण पाट इतका उंच की लहान पोरांचे पाय जमिनीला पोचेनात. "झोका कुणी एवढा उंच बांधलाय?" म्हणून माणिकरावांची नात रडकुंडीला आली. संतोषने तिला उचलून खांद्यावर घेतलं. मोठी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. तात्या एकाएकी गाडीकडे निघाले, टायर बघायला.

काकू पुढे गेल्या. झोक्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, दोन्ही दोर धरले आणि टेकल्या. पलंगावर टेकतात तशा, सहज. मला सुतळीच्या वरच्या गाठीची आठवण झाली.

"आवो, इकडं या," त्यांनी हाक मारली. तात्या आले. सगळ्या सासुरवाडीसमोर खाली मान घालून उभे राहिले.

काकू दोराच्या गाठीवरून बोट फिरवत म्हणाल्या, "गोळ्या लईच गुणाच्या हायत हो. पायरी बी बांधतात, झोका बी बांधतात."

तात्यांचे कान लाल झाले. त्यांचा हात खिशात सुतळीपाशी गेला आणि तिथेच थांबला.

"आता बांधलाय तर एक झोका द्या," काकू म्हणाल्या. "हळू द्या."

तात्या काकूंच्या मागे गेले, इकडेतिकडे बघितलं, आणि त्यांनी हळूच एक झोका दिला.