नानांचा राहिलेला उत्तरपक्ष

नाना जोगांच्या ओटीवर "चहा नको" म्हणायची सोय नव्हती. "नको ही झाली प्रतिज्ञा," सुपारी कातरता कातरता नाना म्हणायचे, "आता हेतू द्या." पित्त होतं म्हणावं, तर उदाहरण मागायचे. शेवटी माणूस कंटाळून हो म्हणायचा आणि नाना आत आपल्या मुलीला ओरडून सांगायचे, "कुसुम, पोस्टमास्तरांचा पक्ष पडला गं! कपभर टाक."

हे पडलेले पोस्टमास्तर म्हणजे मी. देश स्वतंत्र झाल्यावर चार-पाच वर्षांनी माझी दिवेआगरला बदली झाली. टपालाच्या कामासाठी झाली असं मला वाटत होतं. नानांनी पहिल्याच आठवड्यात मला मध्यस्थ नेमलं. मध्यस्थानं वाद होईस्तोवर गप्प बसायचं आणि शेवटी कोण जिंकलं ते सांगायचं. पगार नाही, चहा सक्तीचा.

तरुणपणी नाना पाठशाळेत न्यायशास्त्र शिकत होते. मध्येच वडील गेले, नारळी-पोफळीची वाडी गळ्यात पडली आणि गावाच्या नशिबी अर्धा शास्त्री आला. पुढं बायकोही तापानं गेली. मग घरात बाप, लेक आणि तर्क एवढेच उरले.

नानांचा नियम एकच. आपलं म्हणणं नंतर. आधी समोरच्याचं मांडायचं, आणि असं मांडायचं की त्यानंच "व्हय, असंच हाय" म्हटलं पाहिजे. हा पूर्वपक्ष. मग आपला तो उत्तरपक्ष.

ओटीवर हे ठीक आहे हो, पण पंचांपुढे? शेजारच्या धाकूशी सामाईक विहिरीच्या पाळीवरून तंटा झाला. रहाट कुणी किती दिवस चालवायचा, एवढीच बाब. धाकू बिचारा "माजी पोफळ सुकते" यापलीकडे काही बोलेना. नानांना कुठलं राहवायला! उठले आणि त्याची बाजू अर्धा तास मांडली. त्याच्या आज्यानं विहीर खणताना घातलेले कष्ट, वाडीचा उतार, वाळूत मुरणारं पाणी, काही सोडलं नाही. ऐकून धाकूच्याच डोळ्यांत पाणी. "आयला, माज्यावर येवढा अन्याव झालाय व्हय?"

पंचांनी तिथल्या तिथं धाकूला एक दिवस वाढवून दिला आणि धोतरं झटकून उठले. उत्तरपक्षाला थांबतोय कोण! परतताना मी चिडून म्हटलं, "नाना, हे हात दाखवून अवलक्षण झालं."

"ते असू दे," नाना खुशीत, "पूर्वपक्ष कसा झाला ते बोला!"

अशात कुसुम मॅट्रिक झाली आणि मुंबईच्या एका इस्पितळात नर्सचं शिकायला तिला जागा मिळाली. पत्र मीच नेऊन दिलं. नाना वाचून म्हणाले, "मुळीच जायचं नाही."

"ही प्रतिज्ञा झाली," कुसुम म्हणाली. "हेतू?"

बापाचीच लेक! संध्याकाळी वाद ठरला. मध्यस्थ अस्मादिक.

नाना नियमाला जागले. आधी लेकीची बाजू. "मुलगी हुशार आहे. इथं राहिली तर बापाचा भात रांधील, वाडी शिंपील आणि बाप गेल्यावर याच ओटीवर एकटी बसेल. हिची आई गेली, तेव्हा चार कोसांत नाडी धरणारं माणूस नव्हतं. उद्या कुणाच्या आईची नाडी ही धरील. असंच ना गं?"

कुसुम पदरानं डोळे पुसत म्हणाली, "असंच."

"उत्तरपक्ष?" मी विचारलं.

नाना अडकित्ता नुसता उघडत-मिटत राहिले. मग म्हणाले, "नाही. निकाल द्या."

दिवाळीनंतर दिघीहून आगबोटीनं कुसुम गेली. तेव्हापासून टपालाची थैली सुटायच्या आधी नाना पोस्टात हजर. पत्र आलं की दोनदा वाचत, मुद्दे तपासत. नसलं की पंचांग बघावं तसा भिंतीवरचा टपालदरांचा तक्ता बघत बसत.

अशाच एका रिकाम्या दिवशी मला राहवलं नाही. "नाना, त्या दिवशी उत्तरपक्ष खरंच नव्हता?"

"होता की. एकच होता. कुसुम, तू गेलीस की मला करमायचं नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"जिंकलो असतो हो," नाना म्हणाले.

नाना उठले. "चहाला येता?"

सवयीनं मी "नको" म्हटलं. नानांनी हेतू विचारला नाही. छत्री घेऊन पायऱ्या उतरू लागले. मी घाईघाईनं खिडकी लावली आणि त्यांच्या मागं निघालो.