मोरेश्वररावांची कुलूपबंद स्थळं

"यंदाची परिचय पुस्तिका पूर्ण कॉम्प्युटरवर! एकही कागद सांभाळायचा नाही!" मोरेश्वररावांनी समाजाच्या बैठकीत टेबलावर अशी थाप मारली की शेजारच्याचा चहा बशीत आला.

तहसील कचेरीत तेहेतीस वर्षं बाबू म्हणून काढलेला हा माणूस. शेवटची चार वर्षं त्यांच्या टेबलावर कॉम्प्युटर होता आणि त्यातली दोन वर्षं तो चालूही होता! तेवढ्या भांडवलावर अख्ख्या सौसरमध्ये कॉम्प्युटरमधलं आपल्याएवढं कोणालाच कळत नाही, अशी त्यांची पक्की खात्री होती.

येत्या रविवारी पांढुर्ण्याला समाजाचा उपवर-वधू परिचय मेळावा होता. एकशे त्रेचाळीस मुलामुलींची माहिती असलेली पुस्तिका त्या सकाळी वाटायची होती. गेल्या वर्षी पुस्तिका वेळेवर आलीच नाही, तेव्हा मुलींचे बाप तेव्हाच्या अध्यक्षांच्या अंगावर धावून गेले होते. बिचारे मांडवाच्या मागच्या कनातीखालून सटकले. यंदा अध्यक्ष खुद्द मोरेश्वरराव! त्यांनी दोन महिने एका बोटाने टाइप करून सगळी स्थळं, त्यात स्वतःच्या मुलाचं, तुषारचंही, कॉम्प्युटरात भरली आणि कागदाचे फॉर्म रद्दीवाल्याला देऊन टाकले.

"राहू द्या नं थे फॉर्म. खातेत का तुमाले?" सुनंदाबाईंनी अडवून पाहिलं होतं.

"अवं, कागदाले वाळवी लागते. कॉम्प्युटरले काय लागते?"

काय लागतं ते गुरुवारी सकाळी कळलं.

त्या सकाळी एक ईमेल आला. 'माझा बायोडाटा आणि फोटो सोबत जोडला आहे.' बस, एवढंच. नाव नाही, गाव नाही, गोत्र नाही! मोरेश्वररावांनी फाईलवर क्लिक केलं, तर पडद्यावर लाल पाटी आली : ही फाईल धोकादायक आहे.

"याले काय समजते समाजातलं?" मोरेश्वरराव अँटिव्हायरसवर डाफरले. "परवा रामाकोन्याच्या त्या शिक्षक पोराच्या बायोडाट्याले बी असाच अडवून राहिला होता हा!" आणि त्यांनी अँटिव्हायरसच बंद करून टाकला.

फाईल उघडली. फोटो काही दिसेना. मोरेश्वररावांनी पुन्हा क्लिक केलं. मग आणखी तीनदा.

"लाजाळू दिसते पोरगा," ते म्हणाले.

लाजाळू पोराने पाच मिनिटांत घर ताब्यात घेतलं! फायलींची चित्रं एकेक करून पांढरी पडली, प्रत्येक नावापुढे भलतंच शेपूट लागलं आणि शेवटी काळ्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली : तुमच्या सगळ्या फायलींना आम्ही कुलूप लावलं आहे, बहात्तर तासांत खंडणी द्या, किल्ली घ्या.

"सुनंदा! आपली स्थळं पळवली!"

सुनंदाबाई कणकेच्या हातांनी धावत आल्या. "अगं माय! कोण पळालं? कोनासंगं?"

"कोनी पळालं नाई! सगळेच्या सगळे आत कोंडले आहेत!" मग मोरेश्वररावांनी छाती पुढे काढली. "पण घाबरते कोण? माह्यापाशी बॅकअप आहे!"

त्यांनी ड्रॉवरमधून पेन ड्राइव्ह काढला आणि मोठ्या थाटात त्याच कॉम्प्युटरला लावला. चोर घरात बसलेला असताना तिजोरीची किल्ली त्याच्या हातात द्यावी, तसा प्रकार! मिनिटभरात पेन ड्राइव्हमधल्या फायलींनाही शेपटं फुटली.

तरी गडी खचला नाही. संत्र्याच्या बागेचा सौदा तरी कधी पहिल्या बोलीत पटतो का? 'आमचा समाज लहान आहे, वाजवी बोला,' असं पत्र चोराला लिहायला त्यांनी मोबाईल उचलला, तेवढ्यात सुनंदाबाईंनी तो हिसकावून केतकीला फोन लावला. केतकी मोरेश्वररावांची भाची, नागपूरला एका बँकेचे कॉम्प्युटर सांभाळते.

"मामाजी, आधी इंटरनेटची वायर काढा! त्या चोराले एक रुपया द्यायचा नाई. पैसे देऊन बी किल्ली भेटन याचा काही भरोसा नसते. पडद्याचा फोटो काढा अन् सायबर पोलिसात तक्रार करा. अन् बॅकअपचा पेन ड्राइव्ह लावला नाई नं?"

"लावायचा असते का?"

"बिलकुल नाई!"

"मंग नाई लावला," मोरेश्वरराव ठामपणे म्हणाले.

पण फोन ठेवल्यावर ते खुर्चीत बसले ते बसलेच. रविवार तीन दिवसांवर आला होता आणि त्यांच्या डोळ्यांसमोर ती कनात हलत होती. खरं सांगायचं तर ते मनातून पार हादरले होते.

सुनंदाबाईंनी कणकेची परात बाजूला सारली, किराण्याच्या हिशेबाची कोरी वही काढली आणि समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे नंबर एकेक करून फिरवायला घेतले. "एकशे त्रेचाळीस तं आहेत. विचारते एकेकाले पुन्यांदा."

"वहीत?" मोरेश्वररावांनी नाक मुरडलं.

"वहीले कुलूप लागत नाई," सुनंदाबाई म्हणाल्या आणि पलीकडे फोन लागला. "हेमराजभाऊ, तुमच्या पोराची माहिती पुन्हा सांगा बरं. लॉक झाली नं जी सगळी! … काय म्हणता? जुनं कायीच नाई रायलं, सांगा तुमी."

शुक्रवारी सकाळच्या बसने केतकी आली. पेन ड्राइव्हची हकीकत तिला पाचव्या मिनिटाला कळली. ती मामाजींकडे नुसतं बघत राहिली. मामाजी पंख्याकडे बघत राहिले. मग तिने स्वच्छ पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू करून तो कोपरान् कोपरा तपासला आणि व्हायरस हुडकून पुसून टाकला.

"झालं नं? उघडा आता!"

"मामाजी, चोर हाकलला म्हणून त्यानं लावलेलं कुलूप उघडत नाई. त्याची किल्ली वेगळी लागते."

नशीब मोरेश्वररावांच्या बाजूचं होतं. केतकीने खंडणीची चिठ्ठी आणि एक कुलूपबंद फाईल स्वतःच्या लॅपटॉपवरून एका वेबसाइटवर ताडून पाहिली. व्हायरस जुनाट निघाला. त्याची किल्ली भल्या माणसांनी शोधून फुकट ठेवली होती. नवा असता तर सगळी स्थळं गेलीच होती! तरी किल्ली फिरायला वेळ लागला. शनिवारी दुपारी तीन वाजता पहिली फाईल उघडली आणि चारपर्यंत सगळी एकशे त्रेचाळीस स्थळं बाहेर आली.

"म्हटलं नव्हतं मी?" मोरेश्वरराव उडालेच! कोणाला न विचारता त्यांनी ग्रुपवर ठोकून दिलं : 'सर्व मूळ माहिती जशीच्या तशी परत मिळाली. पुस्तिका त्यावरूनच छापू. आपला, अध्यक्ष.'

पाच मिनिटांत लोधीखेड्याहून हेमराजचा फोन. "अध्यक्षसाहेब, मूळ कायले छापता? वहिनीले सांगितलं थे बरोबर आहे."

लगेच पंचफुलाबाईंचा. "भाऊ, थे जुनं राहू द्या नं लॉकमधी! चांगलं होतं थे!"

मग तिसरा, चौथा, अकरावा. अभिनंदन एकाचंही नाही! शेवटी मोरेश्वररावांनी वही ओढली आणि पडद्याशी ताडून पाहिली. हेमराजचा मुलगा दोन दिवसांत तीन इंच वाढला होता. पंचफुलाबाईंची मुलगी चार वर्षांनी लहान झाली होती. एकाचा पगार दुप्पट, एकाची शेती पाच एकरांवरून बारा! जुनं काहीच उरलं नाही म्हटल्यावर सगळ्यांनी नव्याने जन्म घेतला होता.

"लबाड लोक!" मोरेश्वरराव कडाडले. "मी अध्यक्ष आहे! खऱ्या माहितीचीच पुस्तिका निघन! केतकी, पाठव प्रेसवाल्याले!"

केतकी वहीचं पान उलटता उलटता थांबली. "मामाजी, आपला तुषारदादा कॉम्प्युटरात चौतीस वर्षांचा आहे. वहीत एकतीस काहून?"

मोरेश्वररावांनी बायकोकडे पाहिलं. सुनंदाबाई शांतपणे तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

"सगळ्यायची पोरं लहान होऊन राहिली होती," त्या म्हणाल्या. "आपलंच एकटं काहून म्हातारं ठेवू?"

पांढुर्ण्याचा प्रेसवाला फाईलसाठी ताटकळत होता; सहाला तो मशीन बंद करणार होता. मोरेश्वररावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि घसा खाकरून अगदी हळू आवाजात विचारलं :

"केतकी… थे कुलूप परत लावता येते का?"