भागवतकाकांचा डोंगरावरचा स्वयंपाक

राजगडाच्या चढावर शहाणी माणसं पाण्याची बाटलीसुद्धा जड झाली म्हणून कुरकुरतात. आमचे भागवतकाका सॅकमध्ये खलबत्ता घालून नेतात. चहाचं आलं किसायचं नसतं, ठेचायचं असतं, असं त्यांचं मत आहे. मतं त्यांच्याकडे भरपूर आहेत आणि ती मागावी लागत नाहीत.

काका कोथरूडला आमच्याच सोसायटीत समोरच्या इमारतीत राहतात. वय एकाहत्तर. दर महिन्याच्या ट्रेकला छोटा गॅसचा स्टोव्ह, पातेली आणि पिठल्याचं सामान घेऊन ते हजर. वर पोचलो की आम्ही फोटो काढतो, काका वाऱ्याला आडोसा शोधतात. कुणी थेपले बाहेर काढले की म्हणतात, "गार खायला आपण काय फ्रीज आहोत?" पिठलं झालं की तो थेपलेवालाच दुसऱ्यांदा ताट पुढे करतो.

पण वेळ फार जायचा. ट्रेकचं सगळं ठरवणारी मृण्मयी एकदा म्हणाली, "काका, स्टोव्ह, भांडी धरून पाच किलो होतात. शिवाय दीड तास जातो. सरळ दडपे पोहे नेऊ ना." सगळ्यांनी हात वर केले. मीही केला, गेल्या वेळी पातेली माझ्याकडे होती.

"बहुमत आहे. चालू द्या," काका म्हणाले, आणि त्या रविवारी आलेच नाहीत.

परतल्यावर संध्याकाळी मी उरलेले पोहे घेऊन त्यांचा रुसवा काढायला गेलो. काका जेवत होते. समोर मेसचा डबा, भाजी पार गार झालेली. ओट्यावरची शेगडी नव्यासारखी लख्ख.

"गरम तरी करून घ्यायचं, काका."

"एकट्यासाठी कुठे पेटवायची? ही गेल्यापासून घरात चहासुद्धा होत नाही, खाली टपरीवर पितो. डोंगरावर तुम्ही दहाजण असता. अजून वाढा म्हणता."

मला फार लाज वाटली. चार वर्षं या माणसाच्या हातचं खातोय, आणि महिन्यातून तेवढा एकदाच तो स्वयंपाक करतो, हे मला ठाऊक नव्हतं.

पोहे मी पिशवीतून काढलेच नाहीत. पोट भरलेलं होतं, तरी म्हणालो, "मला भूक लागलीय, काका. काहीतरी गरम मिळेल?"

ते उठले. रवा सापडला, काडेपेटीला जरा वेळ लागला. मी कांदा चिरायला घेतला आणि सांगून टाकलं की पुढच्या ट्रेकला पातेली माझ्या सॅकमध्ये.

"ते बघू," काका पाठमोरेच म्हणाले. "आधी कांदा बारीक चीर."