गुरुसिद्धप्पांचा ठसका

गुरुसिद्धप्पाकाका खोकले, की नवी पेठेतल्या आमच्या दुकानांच्या ओळीला त्यांच्या डब्यात काय होतं ते कळतं. सुका, तुटक ठसका असला तर शेंगाचटणी. खाकरत लांबलेला खोकला म्हणजे भजी. आणि मधूनच "अय्यो शिवा!" ऐकू आलं, तर ठेचा.

काकांचं साड्यांचं दुकान, शेजारी माझं बांगड्यांचं. दुपारी त्यांच्या गादीवर आम्ही डबे उघडतो. त्यांचा खानावळीचा, माझा घरचा. काकांचं ठाम मत असं, की "खोकला माझा न्हाय, मालाचा हाय!" दाणे जुने, तेल खराब, मिरचीत भेसळ. एकदा तर ते चटणीवालीशीच भांडायला गेले. तोंडात तिचीच चटणी.

"बाई, ह्यात घातलंय काय? घशात अडकतंय की!"

"आधी गिळा तरी! तोंडात घास धरून भांडताय व्हय?"

उत्तर द्यायला काकांनी तोंड उघडलं आणि ठसकाच लागला.

गेल्या महिन्यात जेवताना मैंदर्गीच्या मामाच्या लग्नाची गोष्ट सांगता सांगता त्यांना असा ठसका लागला, की गोष्टीतली नवरी मांडवात यायच्या आत मी त्यांना दवाखान्यात न्यायला रिक्षात घातलं.

डॉक्टरांनी तपासलं, डब्यात काय होतं तेही विचारलं. म्हणाले, "तळलेलं, तिखट खाल्लं की पोटातलं आम्ल घशाशी येतं, त्यानं खोकला येतो. पण ही शेंगाचटणी कोरडी. घास असताना बोललात, की तिची पूड श्वासनळीकडे जाते. गप्प बसून जेवत जा."

"चटणी सोडतो डॉक्टर. बोलणं सोडायला नका सांगू."

"रात्रीही ठसका लागतो?"

काका थबकले. "रात्री न्हाय लागत. चटणी तीच की."

"बघा! रात्री कसं जेवता मग?"

"ही गेल्यापासून एकटाच असतो," काका म्हणाले. "बोलणार कुणाशी?"

मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिलो. रोज दुपारी शेजारी बसून जेवतो, पण रात्रीचं हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. तिनं भाकरीचं पीठ थोडं जास्त मळलं.

आता रात्री दुकान वाढवलं की काका आमच्याकडे जेवायला येतात. "काका, आधी घास गिळा, मग बोला," असं बायको दटावते. काका मान डोलावतात, गिळतात, बोलतात. जेवण लांबतं. भाकरी संपते, ताटातला हात वाळून जातो, तरी काका उठत नाहीत.

आम्हीही उठत नाही.