तुम्हाला यात काय मिळतं?

जगात फुकट काही मिळत नाही आणि फुकट कोणी काही करत नाही, या दोन खांबांवर आपली लोकशाही भक्कम उभी आहे.

वाघोलीच्या एका सोसायटीत राहणाऱ्या उत्तरेश्वररावांना, म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या सहायकांना, ही साधी गोष्ट बासष्टाव्या वर्षापर्यंत कोणी सांगितली नव्हती. गेल्या निवडणुकीत निवडून आलेल्या सद्गृहस्थांनी 'सहा महिन्यांत घरोघरी नळ' असं वचन दिलं होतं. त्याला चार वर्षं झाली. टँकर येतो (वेळेवर नव्हे, पण येतो). तेव्हा खोटं बोलून मतं घेणाऱ्याला मुदतीआधीच घरी बसवण्याचा कायदा करा, असं म्हणणाऱ्या एका चळवळीत उत्तरेश्वरराव बिनपगारी रुजू झाले. सोसायटीतून शंभर सह्या आणायच्या, मुदत रविवारपर्यंत. पत्नी द्वारकाबाईंनी त्याला पोटनियम जोडला: "शंभर झाल्या नाहीत तर हे खूळ बंद. गुडघ्याला तेल मला चोळावं लागतं."

अकरा दिवसांचा अहवाल असा. ठोठावलेली दारं, दोनशे चौदा. कायदा हवाच म्हणणारे, दोनशे बारा. सह्या, तीन. (पैकी दोन घरच्या, एक पार्सल आलंय असं समजून केलेली.) बाकी सगळ्यांनी एकच विचारलं, "तुम्हाला यात काय मिळतं?"

"काही नाही," उत्तरेश्वरराव अभिमानाने सांगत. दार सरासरी चार सेकंदांत बंद होई.

तळमजल्यावरच्या बायडाबाई, ज्यांच्या शेतावर ही सोसायटी उभी आहे, त्या तर तोंडावरच म्हणाल्या, "फुकाट कोन करतंय, मास्तर? जमीन घ्याया आलेलाबी पयल्यांदा समाजसेवाच म्हनत व्हता. काय तरी हाय ह्यात."

उत्तरेश्वररावांना फार लागलं. शाळेतली ॲसिडची बाटली त्यांनी कधी फरशी पुसायलासुद्धा घरी आणली नव्हती.

शनिवारी सकाळी लिफ्ट बंद होती. सहाव्या मजल्यावर आयटीतल्या तनुजाने दार उघडलं, एका कानातला हेडफोन काढला आणि विचारलं, "अंकल, पर सिग्नेचर किती देतात?"

पाय ठणकत होते. उत्तरेश्वरराव म्हणून गेले, "पाच रुपये."

"अच्छा, टार्गेट आहे का तुम्हाला!" तिचा चेहरा एकदम उजळला. "आई, बाबा, या ना जरा. साई, तू पण ये रे, काकांना सही दे." चार सह्या झाल्या. वर पाणीही मिळालं (टँकरचं).

मग बातमी जिन्याने खाली उतरली. म्हातारा पोटासाठी हिंडतोय म्हटल्यावर सोसायटीचा जीव अगदी तुटला. बायडाबाईंनी घरातल्या सातही जणांच्या सह्या करवून घेतल्या आणि वर म्हणाल्या, "पाचात कसं परवडतंय? धा मागा की! मी येऊ का बोलाया?" संध्याकाळपर्यंत आकडा एकशे एकवर गेला.

रविवारी अर्ज पुरा करताना शेवटची ओळ आली: 'वरील सह्या कोणतीही खोटी बतावणी न करता घेतल्या आहेत.' खाली सही करायची. उत्तरेश्वररावांचा पेन थांबला. त्यांनी द्वारकाबाईंना सगळं सांगून टाकलं.

"करा हो सही," द्वारकाबाई भाजी निवडत म्हणाल्या. "नळवाल्यांनी नाही का केली? उभे राहा आता पुढच्या खेपेला."

त्यांनी सही केली. अर्ज गेला.

हिशेब एवढाच, की खरं बोलून तीन आणि खोटं बोलून अठ्ठ्याण्णव. आपण त्या तिघांतले, असं प्रत्येक वाचकाला आत्ता वाटत असणार. तिघांतले दोघे नवरा-बायको आहेत. तिसरे आपणच असाल, तर कळवायचं एवढंच, की पार्सल अजून आलेलं नाही.